चेअरमन पिसवाळलाय

काष्टी,
४ ऑगस्ट २०२५

सौ. विहीणबाईंना काष्टीवरनं चांगुणाचा नमस्कार.

फोन सोडून कागद का घेतला म्हणाल, तर मागच्या खेपेला मी "लेक कशी हाय" इचारलं आन् तुमी "केळी कच्ची हायत" म्हणून सांगितलं. तुमच्या कानातलं मशीन फोनला लावलं की शिट्टी वाजवतं, त्याला तुमी तरी काय करणार. कागदाचं तसं न्हाई, सावकाश वाचता येतो.

ज्ञानेश्वरीला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमाला मी सांगावी असं न्हाई. तुमी पोराची आई, तुमचा शब्द वरचा, म्हणून इचारते, कवा न्यायला येऊ? माझी एकच लेक हाय विहीणबाई. ती बेलापूरला गेल्यापासनं ह्या घरात दोन ताटं मांडायची सवय मला अजून झाली न्हाई. तिच्यासाठी डिंक, आळीव, खारीक सगळं आणून ठेवलंय. पोरपणी ती झोपायची तीच आतली खोली बाळंतिणीची करायची, असं मी ठरवून ठेवलंय.

एक आधीच सांगते, मागनं लपवलं म्हणू नका. आमचा चेअरमन पिसवाळलाय. चेअरमन म्हंजी ज्ञानूनं उसाच्या फडातनं ओढणीत गुंडाळून आणलेलं ते कुत्रं. एकदा खुर्चीवर बसलं की उठायचं नाव न्हाई, म्हणून तिनंच ते नाव ठेवलं. औंदा ओल हटंना, त्यात ह्यो ताप सुरू झालाय. त्याला हात लावायची सोय न्हाई, लगेच अंगावर उडी. आमच्या घरच्यांच्या पायाला तर चावून चावून लाल केलंय, पण त्यांना काय त्याचं, खाजवत्यात आन् चहा पित्यात. मी बंदोबस्त करते, आठ-धा दिस लागतील. मग येते लेकीला न्यायला.

तुमची,
चांगुणा


बेलापूर,
८ ऑगस्ट २०२५

चांगुणाबाईंस बेलापूरहून रतनबाईचा नमस्कार.

पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. कुत्रं पिसाळलंय, आणि तुम्ही "आठ-दहा दिवस लागतील" असं लिहिता? घरधन्याला चावलंय आणि ते चहा पीत बसलेत? आधी त्यांना दवाखान्यात न्या. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर इंजेक्शनं घ्यावीच लागतात, त्यात आज-उद्या करून चालत नाही. चहा पितात म्हणजे अजून पाण्याला भीत नाहीत, एवढेच देवाचे उपकार.

ज्ञानेश्वरीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पोटुशी बाईच्या कानावर असलं घालू नये. ओंकारलाही सांगितलं नाही, कारण माझ्या मुलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो लगेच बायकोला सांगणार. तुमच्या गावात माझा मावसभाऊ आहे, कचरूभाऊ, त्याला मात्र फोन केला. त्याचं मला काही ऐकू आलं नाही, पण माझं त्याला ऐकू गेलं असणार, कारण मी ओरडून सांगितलं. तो माणसं घेऊन येईल आणि कुत्र्याचा निकाल लावील. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि ज्ञानेश्वरी तूर्त कुठेही जाणार नाही. रीत मलाही माहीत आहे. पण जिथे पिसाळलेलं कुत्रं खुर्चीवर बसतं, त्या घरात मी माझी सून पाठवणार नाही.

रतनबाई


काष्टी,
१३ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

नमस्कार मागनं करते. आधी सांगा, तुमी "व" कुठं खाल्ला?

मी लिवलं हुतं पिसवाळलाय. म्हंजी त्याला पिसवा झाल्यात. पिसवा, त्या बारीक, काळ्या, टुणटुण उड्या मारणाऱ्या. तुमी वाचलं पिसाळलाय. एक अक्षर गिळलं आन् माझ्या दारात फौज उभी राहिली.

काल दुपारी मी भाकरी थापत हुते. बाहेर कालवा झाला म्हणून बघितलं तर तुमचे कचरूभाऊ, आन् मागं चार गडी. एकाकडं काठी, एकाकडं कोयता, एकानं डोक्यात हेल्मेट घातलेलं. आळीतल्या बाया वट्यावर चढून बघत हुत्या. चेअरमन त्याच्या खुर्चीत हुता. त्यानं एक डोळा उघडला, शेपूट जरा हलवली आन् परत झोपला. इतकं गरीब पिसाळलेलं कुत्रं त्या पाची जणांनी जन्मात बघितलं नसंल. पण हेल्मेटवाला म्हणला, पिसाळलेलं आधी गपच असतं, मग उसळतं.

कचरूभाऊ म्हणले, "अक्का, सरा बाजूला. रतनाक्काचा सांगावा हाय."

मी पिठाच्या हातानं दारात आडवी झाले. म्हणले, "आधी माझ्यावर काठी टाका, मग त्याच्यावर."

आणखी लई बोलले, ते कागदावर लिवण्यासारखं न्हाई. सासरी जाताना ज्ञानू माझ्या गळ्यात पडली तवा स्वतःचं काय बोलली न्हाई, चेअरमनला संभाळ एवढंच बोलली. त्याला माझ्या दारात मारलं असतं तर मी लेकीला कुठलं तोंड दाखवलं असतं? तेवढ्यात कचरूभाऊ जागच्या जागी नाचाय लागले. पांढराशिप्पट लेंगा घालून आल्ते, त्याच्यावर काळे ठिपके उड्या मारत हुते. त्यांनी लेंग्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, काठी टाकली आन् पाय खाजवत खालीच बसले. "आरं, ह्या तर पिसवा," म्हणले. मग मी सगळ्यांना चहा दिला आन् गडी आपापल्या घरी गेले.

तुमचं पत्र आज आलं. ते वाचून आमच्या घरच्यांनी हातातला कप खाली ठेवला, एवढाच काय तो फरक पडला. तर आता कवा येऊ न्यायला, ते कळवा. आन् पत्र चष्मा लावून वाचत जा.

चांगुणा


बेलापूर,
१७ ऑगस्ट २०२५

चांगुणाबाईंस नमस्कार.

पिसवाळणं असा शब्द आमच्या बेलापुरात नाही. सरळ "कुत्र्याला पिसवा झाल्या" असं लिहिलं असतं तर कचरूभाऊचा दिवस मोडला नसता. असो. व्याह्यांच्या जिवाचा घोर गेला, ते बरं झालं. मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

पण पिसवा म्हणजे काय शोभेची गोष्ट आहे का? पिसाळलेलं कुत्रं एक असतं, पिसवा घरभर असतात. बाळंतीण जमिनीवर निजणार, शेजारी तान्हा जीव. त्याला चावल्या तर ते सांगणार आहे का, कुठे खाजतंय म्हणून? तुम्हाला राग येईल, पण मला बोलायलाच हवं. मी माझी सून तुमच्या घरी पाठवते ती दोन जिवांची पाठवते.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. कुत्रं घराबाहेर काढा. कुठेही द्या, पण घरात नको. आणि घरात एकसुद्धा पिसू नाही अशी माझी खात्री पटवा. तेवढं झालं की सून पाठवते. नाही झालं तर बाळंतपण बेलापुरात होईल आणि त्यासाठी मला कुणाला विचारायची गरज नाही.

रतनबाई


काष्टी,
२४ ऑगस्ट २०२५

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या मनासारखं केलं. चेअरमनला कचरूभाऊंच्या हवाली केला. जो मारायला आल्ता त्याच्याच दारात बांधून आले. कुत्रं दोरी ताणून माझ्याकडं बघत हुतं, मी माघारी वळून बघितलं न्हाई.

घरात कडूलिंबाचा धूर केला. अंथरुणाखाली निरगुडीचा पाला घातला. सगळं झाडून पुसून घर लख्ख केलंय. आता लेकीला न्यायला कवा येऊ, तेवढंच सांगा. गणपतीत आले तर चालंल का?

चांगुणा


बेलापूर,
३० ऑगस्ट २०२५

चांगुणाबाईंस नमस्कार.

कचरूभाऊ आमच्याकडे गणपतीला आला होता. त्याला मी काही विचारलं नाही, तोच सांगत बसला. व्याही पारावर बसतात आणि दोन्ही हातांनी पाय खाजवतात म्हणे. तुम्ही स्वतः त्यांचे पायमोजे चढवून स्वयंपाक करता म्हणे. तुमच्या घरी हल्ली कुणी चहाला बसत नाही, उभ्यानेच पितात, असंही म्हणाला. कुत्रं गेल्यावर पिसवा दुप्पट झाल्या, हे त्याचे शब्द. तुमच्या पत्रात मात्र घर लख्ख.

बोलण्याच्या भरात त्यानं काठीकोयत्याचं सगळं रामायण ज्ञानेश्वरीसमोर सांगून टाकलं. चेअरमनला घराबाहेर काढल्याचं ऐकून ती उठून आत गेली आणि जेवली नाही. आता ती माझ्याशीही धड बोलत नाही आणि तुमच्यावरही रुसली आहे. हे सगळं एका कुत्र्यापायी झालं.

मी इथल्या दवाखान्यात तिचं नाव घातलं आहे. दिवस सरत आले, आता या वयात मला धावाधाव नको. बाळंतपण बेलापुरात. तुम्हाला लेकीची काळजी वाटत असेल तर तुम्ही इकडे या, तुमची सोय करीन.

रतनबाई


काष्टी,
५ सप्टेंबर २०२५

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडले. रागानं न्हाई, लाजेनं. पाव्हण्यानं आपल्या घरी उभ्यानं चहा प्यावा, ह्याच्यापरीस बाईमाणसाला काय वाईट असतंय? कचरूभाऊ खोटं बोलले न्हाईत. चेअरमन गेला, दोन दिस बरं वाटलं, मग सगळ्या पिसवा आमच्यावरच तुटून पडल्या. धुराला त्यांनी भीक घातली न्हाई. मी तुमाला कळवलं न्हाई, कारण तुमी "न्हाई" म्हणाल ह्याची भीती वाटली. झालंबी तसंच.

मग डोकं फिरलं. म्हणलं, कपाशीवरचं औषध घरात फवारायचं, एकदाची खांडोळी करायची. पंप पाठीला लावला हुता विहीणबाई. ज्ञानूच्या खोलीच्या दारात उभी राहिले आन् मनात आलं, ह्याच फरशीवर लेक निजणार, उद्या तिचं लेकरू रांगणार. त्या इखाराचा वास आठ-पंधरा दिसांनी जातोय का न्हाई कुणास ठावं. पंप उतरवला आन् तशीच जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथं स्नेहल मॅडम म्हणून तरुण डॉक्टरीण हाय. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं इचारलं, कुत्रं कुठंय. मी म्हणले, काढून दिलं. तर त्यांनी कपाळालाच हात लावला.

"मावशी, तुम्ही पिसवांचं ताट उचललंत," म्हणल्या. "मग त्या तुमच्या ताटात जेवायला येणार नाहीत तर काय?"

त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटलं, तुमालाबी पटंल म्हणून लिवते. कुत्र्याच्या अंगावर दिसत्यात त्या थोड्या. बाकीची सगळी पैदास घरात असती. अंडी मिठाच्या कण्यागत, अंगावरनं गळून फरशीच्या सांधीत जात्यात. त्याच्या अळ्या हुत्यात, मग कोष. कोषात ती गप बसून राहती आन् माणूस-जनावराची चाहूल लागली की बाहेर उडी घेती. आता कुत्रंच नसंल तर ती उडी कुणावर? आमच्या घरच्यांच्या पायावर. त्यापरीस कुत्र्याला औषध घालून घरातच फिरवायचं. कोषातनं निघालेली पिसू पयली त्याच्यावर उडी घेणार आन् तिथंच मरणार.

म्हंजी तुमी-आमी ज्याला चोर म्हणून हाकलला, त्योच खरा राखणदार हुता.

मी त्याच पावली कचरूभाऊंकडं गेले. कचरूभाऊ म्हणले, न्या बया लवकर, त्यो खुर्चीत बसतोय आन् मला खाली बसवतोय. चेअरमन मला बघून असा रडला की माझंबी डोळं भरून आलं. मॅडमनी त्याचं वजन बघून मानेवर केस बाजूला करून औषधाचे थेंब सोडले, महिन्याला एकदा सोडायचे. तेच थेंब आमच्या मांजरीला लावू का म्हणून इचारलं तर त्या ओरडल्याच. कुत्र्याच्या काही औषधांनी मांजर मरतं. तिला येगळं दिलं. आन् माझ्या पिशवीत बैलांच्या गोचिडाची बाटली हुती, ती त्यांनी काढून फडताळावर ठेवली. घरी गेल्यावर कुणाला तरी लावाल म्हणल्या. खरंच लावली असती.

मग मी घराचा दसरा काढला. नवरात्राला अवकाश हुता, आळी इचाराय लागली, चांगुणाबाई, तुमच्यात देवी लवकर येती का? येऊ दे म्हणलं. गोधड्या, वाकळा, पोती, पायपुसणी, सगळं कढत पाण्यात बुडवलं आन् कडक उन्हात वाळवलं. फुटकी पोती जाळली. शहाबादी फरशीच्या सांधी खराट्याच्या काडीनं उकरल्या, त्यातनं शेवयांच्या चुऱ्यागत पांढऱ्या अळ्या निघाल्या. कधी बघितलं नव्हतं असलं, अंगावर काटा आला. सगळं झाडून काढलं आन् आमच्या घरच्यांनी सांधी शिमिटानं बुजवल्या. बाहेर चेअरमन जिथं माती उकरून लोळायचा तिथली माती काढून टाकली, ऊन येईल असं केलं. मी ज्ञानूच्या उवा ज्या लाकडी फणीनं काढायचे त्याच फणीनं आता रोज सकाळी कुत्र्याला विंचरते, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. पडली की बुडली.

रोज वाटीत कमी सापडत्यात. काल तर शोधून शोधून एक.

विहीणबाई, तुमी कुत्रं काढा म्हणला हुता. मी ते परत आणलंय, आन् आता त्याला कुणाच्या शब्दाखातर काढणार न्हाई, तुमच्याबी न्हाई. पण दुसरी अट मला मान्य हाय. घरात पिसू न्हाई ह्याची खात्री मी पटवते. तुमीच या आन् बघा. नापास केलं तर मी लेकीचं नाव काढणार न्हाई, तिकडंच येऊन बाळंतपण करीन.

चांगुणा


बेलापूर,
९ सप्टेंबर २०२५

चांगुणाबाईंस नमस्कार.

माझे गुडघे मला तिथवर येऊ देणार नाहीत. म्हणून ओंकारबरोबर आमच्या ह्यांचं पांढरं धोतर पाठवते. आमच्या सासूबाई ढेकणांसाठी असंच करायच्या. बाळंतिणीच्या खोलीत जमिनीवर ते पसरा, त्यावर तुम्ही निजा. आठवडाभर निजा, एकदाच नको. कुत्र्यालाही त्याच खोलीत राहू द्या, एवढा भरवसा आहे ना त्याच्यावर? मग धोतर न झटकता, आहे तसं घडी घालून ओंकारजवळ द्या. तो परत न्यायला येईल. धोतर मी स्वतः बघणार आहे.

रतनबाई


काष्टी,
१७ सप्टेंबर २०२५

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

घ्या तुमचं धोतर. आठवडाभर मी त्याच्यावर निजले, झटकलं न्हाई, धुतलं न्हाई. पायथ्याला चेअरमन. माझ्या घोट्याला एक फोड न्हाई, आन् मी पायमोजे घातले नव्हते.

तुमी भिंग घेऊन बसणार, ठावं हाय मला. बसा. काळा ठिपका दिसला तर लगेच निकाल लावू नका. मॅडमनी सांगितलेली खूण सांगते. त्यो ठिपका वल्या पांढऱ्या फडक्यावर घासायचा. लालसर उमटला तर ती पिसवांची घाण, कारण त्यांच्या पोटात रगतच असतंय. लाल न्हाई झाला तर साधी माती. आता निकाल तुमच्या हातात हाय. मी कबूल केलंय ते करीन, पण देवाशप्पथ, मला लेक माझ्या घरात पायजे.

चांगुणा


बेलापूर,
१९ सप्टेंबर २०२५

चांगुणाबाईंस रतनबाईचा मनापासून नमस्कार.

धोतर अंगणात उन्हात पसरलं. चष्मा लावला, वर ह्यांचं भिंग घेतलं. पिसू नव्हती. पण उशाच्या बाजूला काळे ठिपके दिसले. चांगले बरेच. मी मनात म्हटलं, सापडली विहीण. ओलं फडकं आणलं आणि घासलं. लाल काही होईना. तपकिरी झालं. पुन्हा घासलं, पुन्हा तपकिरी. माती म्हणावी तर चिकट. मग नाकाशी नेलं.

चांगुणाबाई, ही मशेरी आहे.

तुमची लेक इथे सगळ्यांना सांगत असते, माझ्या आईला कसलं म्हणून व्यसन नाही. सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच डबी उघडता ना? उघडा. मी कुणाला सांगितलेलं नाही. मात्र एका वासावर मी ती कशी ओळखली, हा प्रश्न तुम्ही मला विचारू नका. माझी डबी डाळीच्या बरणीमागे असते आणि ती या घरात कुणाला ठाऊक नाही. बाळ आलं की दोघींनी सोडायची, त्याच्याजवळ हे नको.

तर पिसू एकही नाही. तुम्ही जिंकलात. पितृपंधरवडा संपला की घटस्थापनेला ओंकार ज्ञानेश्वरीला घेऊन येतो आहे. तिची बॅग भरून झाली. कुत्र्याला घराबाहेर काढू नका, तो तिथे आहे म्हणून मला धीर आहे.

आता एक सांगते, ते मनात ठेवा. पिसवा नसत्या तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. या घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. ह्यांचं ओरडणं ऐकून शेजारीपाजारी विचारतात, भांडण झालं का म्हणून. मग हळूहळू सगळ्यांनी बोलणंच कमी केलं. तुमची लेक तेवढी माझ्याजवळ येऊन बसते, कानाशी तोंड आणते आणि हळूच बोलते. मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येतो. ती दोन-तीन महिने जाणार, या विचारानंच मला घर खायला उठलं होतं. मला सून जायला नको होती, चांगुणाबाई, एवढंच खरं कारण.

तिला सांभाळा. तुम्ही सांभाळालच.

रतनबाई


काष्टी,
९ ऑक्टोबर २०२५

सौ. विहीणबाई, माझ्या थोरल्या बहिणीसारख्या, तुमाला चांगुणाचा वाकून नमस्कार.

नात झाली, हे ओंकाररावांनी तुमाला सांगितलंच असंल. पण बाकीचं त्यांना सांगता यायचं न्हाई, ते मी सांगते.

घटस्थापनेला गाडी दारात थांबली तवा मी तुकडा ओवाळायला दारात उभी हुते. चेअरमन खुर्चीवरनं उठला. आळी साक्षीला हाय, आपणहून उठला. पयल्यासारखी अंगावर उडी न्हाई मारली, तिच्या पायाशी येऊन वास घेतला आन् तिच्या पुढं पुढं चालत खोलीपर्यंत गेला. ज्ञानूनं खोली बघितली. तिनं चप्पल काढली आन् भुईवरच बसली, पाय पसरून, पोरपणी बसायची तशी. म्हणली, "आई, मला इथंच यायचं हुतं."

मी आत चुलीपाशी गेले आन् पदर तोंडात कोंबून रडले. ह्या रडण्याला मात्र लाज नव्हती.

बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं. चौथ्या दिशी दोघी घरी आल्या. नात रंगानं ज्ञानूवर गेलीय, पण रुसली की वठ तुमच्यासारखा पुढं काढती, मी लगेच वळखलं. मी रोज तिला तेल लावून न्हाऊ घालते आन् अंग निरखून बघते. मानेला, काखेत, पायाच्या बोटांत. एक लाल ठिपका न्हाई. मॅडम बघायला आल्त्या. एखादी कोषातनं अजून निघंल म्हणल्या, म्हणून चेअरमनचं औषध महिन्याच्या महिन्याला चालूच हाय आन् फणीबी चालू हाय. वाटीत मात्र आता नुसतं पाणी असतंय. आळीतल्या तीन घरांनी मला बोलावून नेऊन सांधी उकरून घेतल्या. काष्टीत पिसवा झाल्या की आता म्हणत्यात, चांगुणाबाईला इचारा. मी बी लई ऐटीत सांगते.

तुमच्या पत्रातली शेवटची गोष्ट मी मनात ठेवली, फक्त ज्ञानूच्या कानावर घातली, ते माफ करा. तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणली, सव्वा महिन्याच्या बारशाला आत्याबाईंना नुसतं बोलवू नको, आठ दिस आधी आणून घ्यायचं. गाडी ओंकारराव आणत्यात. गुडघ्यांचं कारण चालणार न्हाई, त्यांना चोळायला माझ्याकडं तेल हाय, नातीला पुरून उरतंय. दुपारी तिघी बसू. ती तुमच्या कानाशी बोलंल, आन् मला तुमच्या कानाशी कसं बोलायचं तेबी शिकवंल.

मी जिंकले, विहीणबाई, तुमीच लिवलंय, मी ते पत्र आळीत वाचून दाखवलं, मशेरीच्या आन् शेवटच्या वळी गाळून. आता आल्यावर मान द्यायचा म्हणून लोक खुर्ची पुढं करतील, पाट मांडतील. तसलं काही घेऊ नका. माझ्या घरी भुईवर बसा, लुगडं ऐसपैस पसरून, आन् नातीला मांडीवर घ्या.

तुमची,
चांगुणा